जमाव म्हणजे शत्रू नव्हे



सरकारी कागदात माणसाची नागरिकता पुसून टाकण्यास एकच शब्द पुरेसा होतो. तो शब्द ‘जमाव’. शेतकरी, मजूर, माता, विद्यार्थी हे घराबाहेर पडून आपले गाऱ्हाणे घेऊन रस्त्यावर उभे राहिले, की पोलिसांच्या अहवालात त्यांची नावे, त्यांची गावे व त्यांची मागणी ही सर्व गळून पडतात आणि उरतो तो केवळ ‘जमाव’. पुढे तो ‘प्रक्षुब्ध’ होतो, मग ‘नियंत्रणाबाहेर’ जातो, आणि शेवटी त्याच्यावर ‘सौम्य लाठीमार’ होतो. लाठी सौम्य कशी असते, हे ज्याच्या डोक्यावर ती पडते त्याला कोणी विचारीत नाही.

चांदा जिल्ह्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांच्या रहिवाशांना हा शब्दप्रयोग नवा नाही. १९४२ च्या १६ ऑगस्टला चिमूर येथे मिरवणुकीवर गोळीबार झाला. त्यानंतर खवळलेल्या लोकांनी उपविभागीय दंडाधिकाऱ्यासह काही सरकारी नोकरांना ठार मारले. ते कृत्य निंद्य होते, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे. परंतु त्यापुढे जे घडले ते कायद्याचे राज्य नव्हते. लष्कर गावात शिरले, घरोघर धरपकड झाली, स्त्रियांची विटंबना झाली, सबंध गावावर सामुदायिक दंड बसला. चौकशी व्हावी म्हणून प्राध्यापक भन्साळी यांनी दीर्घ उपोषण केले, तरी परकीय सरकार चौकशीस तयार झाले नाही. काही व्यक्तींचा गुन्हा साऱ्या गावाच्या माथी मारणे, ही परकीय राज्यकर्त्यांची रीत होती. प्रश्न असा आहे की, १९५० च्या २६ जानेवारीला आपण ती रीत खरोखर टाकून दिली काय?

याचे उत्तर नागपूरच्या रस्त्यावर शोधा. १९९४ च्या २३ नोव्हेंबरला, विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असता, विदर्भातील हजारो गोवारी बांधव मोर्चाने नागपुरास आले. गुरे राखून पोट भरणारी ही जमात. आपल्याला अनुसूचित जमातीच्या सवलती मिळाव्यात, एवढीच त्यांची मागणी. हाती शस्त्र नव्हते. कडेवर मुले होती. त्यांचे निवेदन स्वीकारण्यास कोणी मंत्री वेळेवर बाहेर आला नाही. अडसरांमागे अडकलेल्या त्या गर्दीवर लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली आणि ११४ माणसे मेली. त्यांत बहुसंख्य स्त्रिया व मुले होती. आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. पण दाणी आयोगाने सरकारला दोषमुक्त केले. सीताबर्डीत स्मारक उभे राहिले, उड्डाणपुलाला गोवारी शहिदांचे नाव दिले गेले. २०१८ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला व २०२० च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो फिरविला. मागणीचा न्यायनिवाडा काहीही होवो, ती मांडण्यासाठी ११४ जिवांची किंमत का पडावी, हा प्रश्न आजही अनुत्तरित आहे.

आता गडचिरोलीकडे वळा. एटापल्ली तालुक्यात तोडगट्टा नावाचे गाव आहे. तेथे २०२३ च्या मार्चपासून माडिया स्त्री-पुरुषांनी झोपड्या उभारून ठिय्या दिला. डोंगर खाणींना देऊ नयेत, आणि ज्या ग्रामसभांना २००६ च्या वनहक्क कायद्याने जंगलावर हक्क दिला आहे त्यांना विचारल्याशिवाय काही करू नये, असे त्यांचे म्हणणे. आठ महिने हे लोक तेथे बसून होते. नोव्हेंबर २०२३ मध्ये पोलिसांनी तो ठिय्या मोडला आणि काहींना अटक केली. आंदोलकांनी आम्हाला अडविले, असे पोलीस म्हणतात. आमच्या झोपड्या पाडल्या व आम्हाला मारले, असे आंदोलक म्हणतात. खरे काय, हे ठरविण्यास निःपक्षपाती न्यायाधीश हवा. परंतु आठ महिने जे सरकार ऐकण्यास आले नाही, ते मोडण्यास मात्र तत्परतेने आले, हे दोन्ही पक्षांच्या कथनातून सारखेच दिसते.

येथे एक आक्षेप हमखास येतो. “गडचिरोलीची गोष्ट निराळी. तेथे माओवादी आहेत. पोलिसांनी काय हात बांधून बसावे?” या आक्षेपाची टवाळी करू नये. १ मे २०१९ रोजी जांभुळखेड्याजवळ सुरुंगाच्या स्फोटात पंधरा पोलीस मारले गेले. तीही गरिबांचीच मुले होती. त्यांच्याही घरी चुली विझल्या. सुरुंग पेरणाऱ्यावर कायद्याने कठोरात कठोर इलाज करावा. परंतु सुरुंग पेरणारा आणि ग्रामसभेचा ठराव हाती घेऊन बसलेली म्हातारी, यांना एकाच मापाने मोजण्याचा अधिकार कोणत्या कलमाने दिला? शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा ज्येष्ठ नेता भूपती हा सुमारे साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. भय ओसरत असल्याची ग्वाही स्वतः सरकार देत आहे. भय ओसरते तर भयाच्या नावाने घेतलेले अधिकारही ओसरले पाहिजेत. उलट जुलै २०२५ मध्ये विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक संमत केले. रोग कमी होत असता औषधाची मात्रा वाढविणारा वैद्य आपण कधी पाहिला आहे काय?

दुसरा आक्षेप आपल्या समाजाला उद्देशून असतो, म्हणून तो अधिक काळजीने तपासला पाहिजे. “तुमच्या बाबासाहेबांनीच सत्याग्रह सोडा असे सांगितले, मग मोर्चे कशाला?” २५ नोव्हेंबर १९४९ चे घटना समितीतील भाषण अशा वेळी आपल्यासमोर फडकविले जाते. ते अवश्य वाचा, पण संपूर्ण वाचा. सनदशीर मार्ग मोकळे असताना बेसनदशीर मार्गाचे समर्थन होऊ शकत नाही, असा त्या प्रतिपादनाचा आशय आहे. आता त्याच घटनेचे एकोणिसावे कलम उघडा. शांततेने व विनाशस्त्र एकत्र जमण्याचा हक्क तेथे प्रत्येक नागरिकाला दिलेला आहे. म्हणजे शांततामय मोर्चा हाच सनदशीर मार्ग आहे! निवेदन घेऊन विधिमंडळाच्या दारी जाणाऱ्या गोवारींहून अधिक सनदशीर कोण असू शकतो? मार्ग त्यांनी सोडला नाही. तो त्यांच्यासमोर अडसर लावून बंद करण्यात आला. ज्यांनी मार्ग बंद केला त्यांनीच बाबासाहेबांचे नाव घेऊन आपल्याला उपदेश करावा, यासारखी विपरीत गोष्ट नाही.

बाबासाहेबांचे आचरणही हेच सांगते. १९२७ च्या डिसेंबरात महाडच्या दिवाणी न्यायालयाचा मनाई हुकूम आला, तेव्हा त्यांनी तळ्यावरील सत्याग्रह तहकूब केला आणि हक्काचा दावा न्यायालयात चालविला. तो १९३७ मध्ये उच्च न्यायालयात जिंकला गेला. न्यायालयाचा मान राखणारा हा पुरुष दंडुक्यापुढे मात्र वाकला नाही. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी कामगारांच्या संपात मुंबईत गोळीबार झाला, तेव्हा त्याच्या चौकशी अहवालावर विधिमंडळात उभे राहून त्यांनी स्वदेशी मंत्रिमंडळाला जाब विचारला. मंत्री आपले असोत वा परके, गोळीचा हिशेब द्यावाच लागेल, हा धडा त्यात आहे.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. कारण कायदा न जाणणाऱ्याचा हक्क कागदावरच राहतो. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली आहे. तिच्या १४८ व्या कलमाप्रमाणे, बेकायदा जमावास, किंवा शांतताभंग करण्याचा संभव असलेल्या पाच वा अधिक माणसांच्या जमावास, पांगण्याचा हुकूम देता येतो. हुकूम देणारा कार्यकारी दंडाधिकारी असावा, अथवा ठाणे अंमलदार, किंवा तो नसल्यास निदान उपनिरीक्षक दर्जाचा पोलीस अधिकारी असावा. हुकूम देऊनही जमाव पांगला नाही, अथवा न पांगण्याचा त्याचा निर्धार वर्तनातून दिसला, तरच बळ वापरता येते. प्रथम हुकूम, मग अवधी, आणि अगदी शेवटी बळ, हा कायद्याचा क्रम आहे. १४९ वे कलम सशस्त्र दलाला बोलावण्याविषयी आहे. त्यात शक्य तितके कमी बळ वापरावे व शरीराला आणि मालमत्तेला शक्य तितकी कमी इजा करावी, असे बजावले आहे. लष्कराला जी मर्यादा घातली, ती ठाण्यातील शिपायाला नाही, असे कोणता शहाणा म्हणेल? जमावबंदीचा हुकूम तर १६३ व्या कलमाखाली साधारणपणे दोन महिन्यांपलीकडे टिकत नाही. आणि लोकांच्या रास्त मतप्रदर्शनाची मुस्कटदाबी करण्यासाठी तो वापरता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये स्पष्ट केले आहे.

एवढे असूनही लाठी मोकाट का? कारण १५१ व्या कलमाने तिला कवच दिले आहे. अशा प्रसंगी केलेल्या कृत्याबद्दल सरकारच्या मंजुरीवाचून खटला चालत नाही. ज्याच्या नोकराने मारले त्याच्याच मंजुरीने फिर्याद उभी राहावी, हा न्याय लांडग्याला मेंढरांचा पंच नेमण्याइतका सरळ आहे! चौकशी आयोगाचा उपायही लंगडा. १९५२ च्या आयोग कायद्याप्रमाणे अहवाल सहा महिन्यांत कार्यवाहीच्या विवरणासह विधिमंडळापुढे यावा लागतो. परंतु आयोगाचा निष्कर्ष सरकारला बांधून ठेवीत नाही.

११ जुलै १९९७ आपण विसरलेला नाही. घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात बाबासाहेबांच्या पुतळ्याची विटंबना झाली, लोक जमले, आणि राज्य राखीव पोलिसांच्या गोळ्यांनी दहा जण मरण पावले. जमाव टँकर पेटविणार होता, म्हणून गोळीबार करावा लागला, असे समर्थन पुढे आले. गुंडेवार आयोगाने गोळीबार असमर्थनीय ठरविला. तरी गोळीबाराचा हुकूम देणाऱ्या अधिकाऱ्याला सत्र न्यायालयाने दोषी ठरविण्यास २००९ साल उजाडावे लागले, आणि पुढे उच्च न्यायालयात त्याची शिक्षा स्थगित होऊन तो जामिनावर सुटला. बारा वर्षे! तथापि या खटल्याने एक गोष्ट सिद्ध केली: अंगावर गणवेश असला म्हणून मनुष्य कायद्याच्या वर जात नाही. मात्र हे सिद्ध करण्यासाठी त्या वस्तीला बारा वर्षे न थकता उभे राहावे लागले.

म्हणून आपली मागणी मोघम असू नये. ती अशी असावी: गोळीबाराने वा लाठीमाराने मृत्यू घडल्यास खटल्यासाठी सरकारी मंजुरीची अट नको. चौकशी न्यायिक अधिकाऱ्याने ठराविक मुदतीत करावी. पांगण्याचा हुकूम कोणी, केव्हा व कोणत्या भाषेत दिला, याची नोंद लेखी असावी. माडिया स्त्रीला तिला न समजणाऱ्या भाषेत सुनावलेला हुकूम हा हुकूमच नव्हे. आणि निवेदन घेऊन आलेल्या मोर्चाला त्याच दिवशी जबाबदार मंत्र्याने वा अधिकाऱ्याने सामोरे जावे.

तोपर्यंत आपण काय करावे? मोर्चात जाताना हाती दगड नको; एक दगड शंभर लाठ्यांना निमित्त देतो. हुकूम देणाऱ्याचे नाव, हुद्दा व वेळ टिपून ठेवा. मार लागल्यास त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात तपासणी करून कागद घ्या. अटक झाल्यास कारण विचारा. चोवीस तासांच्या आत, प्रवासाचा वेळ वगळून, दंडाधिकाऱ्यापुढे उभे करणे बंधनकारक आहे, आणि तेथे मारहाणीची तक्रार न भिता सांगा. स्त्रीला सूर्यास्तानंतर व सूर्योदयापूर्वी सामान्यतः अटक करता येत नाही. अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींस व सर्व स्त्रियांस १९८७ च्या कायद्याने विनामूल्य वकील मिळतो. आणि १९९० च्या दुरुस्तीपासून बौद्धांनाही अनुसूचित जातीच्या त्या हक्कावर बोट ठेवता येते.

शेवटी एवढेच. तोडगट्ट्याचे माडिया आपल्या वस्तीत राहत नाहीत, गोवारी आपल्या पंक्तीला बसत नाहीत, म्हणून त्यांच्या पाठीवरची लाठी आपली नव्हे, असे समजू नका. १६ ऑक्टोबर १९५६ ला चांद्याच्या भूमीवर ज्यांच्या वडिलांनी व आजोबांनी दीक्षा घेतली, त्यांना जातीच्या भिंतीआड राहून दुसऱ्याचे दुःख पाहता येणार नाही. आज ‘जमाव’ म्हणून त्यांची नावे पुसली जात असतील, तर उद्या त्याच कागदावर आपली नावे पुसली जातील. म्हणून पुढच्या वेळी मोर्चा कोणाचाही असो, त्याच्यावर लाठी पडली तर ठाण्यावर साक्ष देण्यास प्रथम आपण जावे.