लिलीच्या नावाखाली लिलियम विकू नका



मार्केट यार्डात फुलांचा व्यवहार बघितलेला कुठलाही माणूस लिली आणि लिलियम यांची गल्लत करत नाही. लिली म्हणजे हार-वेणीला जाणाऱ्या लांब पांढऱ्या कळ्यांचं बंडल. पुस्तकात तिला स्पायडर लिली म्हणतात. लिलियम म्हणजे मोठ्या फुलांच्या दहा काड्यांचं बंडल, ते हॉटेलात आणि लग्नाच्या स्टेजवर जातं. पुण्याच्या बाजारभावात दोघांच्या ओळी वेगळ्या छापतात आणि भावात जमीन-अस्मानाचा फरक असतो. मग कंद विकायला बसलं की हीच दोन नावं एक कशी होतात? पाकिटावर फोटो लिलियमचा, आणि तोंडानं सांगायचं, "लिलीच आहे ताई, तुमच्या अंगणात आहे तीच, फक्त हायब्रीड. एकदा लावा, दरवर्षी फुलं घ्या."

हे वाक्य आमच्या शेजारच्या गावात एका प्रशिक्षणात सांगितलं गेलं. बचत गटातल्या बायकांनी अंतर्गत कर्ज काढून कंद घेतले, दारापुढं वाफे केले. जानेवारीत फुलं आली, देखणी आली, सगळ्यांनी फोटो काढले. पुढच्या वर्षी कुणाकडं चार पानं फुटली, कुणाकडं तेवढंही नाही. विचारायला गेल्यावर उत्तर काय मिळालं? "तुम्ही निगा राखली नाही." हप्ता बायकांनी भरायचा आणि दोषही त्यांच्याच माथी! मला राग आला तो या उत्तराचा. त्या बायका दावणीची जनावरं सांभाळून परसातली भाजी पिकवतात. निगा म्हणजे काय ते त्यांना शिकवायची गरज नाही.

खरी गोष्ट कंदाच्या जातकुळीत आहे. आशियाटिक लिलीचे मूळ वाण चीन, जपान, सायबेरिया या थंड मुलखातले. ओरिएंटलचे पूर्वज जपानातले. हिवाळ्यात जमीन गारठते तेव्हा हा कंद झोपतो, आणि त्या थंडीनंतरच पुढच्या हंगामाचा दांडा नीट वर येतो. आपल्याकडं विकायला येणारा कंद शीतगृहात २ ते ५ अंशाला सहा ते दहा आठवडे ठेवलेला असतो. म्हणजे पहिल्या वर्षीचं फूल आपल्या मातीनं दिलेलं नसतं, ते कंदातच भरून आलेलं असतं. आपण फक्त पाणी घालतो. फुलं झाल्यावर पानांनी कंद परत भरायचा, तर तोवर फेब्रुवारी-मार्च येतो, ऊन ३५ च्या वर जातं, पानं करपतात. कंद लहान होतो. मग मे महिन्यात तो तापलेल्या मातीत पडून राहणार, जूनमध्ये भिजणार आणि निम्मे कंद तिथंच कुजणार. वाचलेल्याला थंडी कुठली? आपल्या सपाटीवर डिसेंबरात पहाटे चार दिवस पारा ८-१० वर आला म्हणजे हॉलंडचा हिवाळा झाला नाही.

बटाट्याचं उदाहरण घ्या. सातगाव पठारावरचा शेतकरी पंजाबातनं बेणं आणतो. घरचं बेणं धरत राहिलं तर उतार घटतो हे तिथल्या पोराला पण ठाऊक आहे. त्याला कुणी "निगा राखली नाही" म्हणत नाही. लिलियम करणारे पॉलिहाऊसवाले सुद्धा प्रत्येक पिकाला नवा कंद विकत घेतात. ते व्यापारी पीक आहे, काडीला पैसे मिळतात, म्हणून परवडतं. मग पॉलिहाऊसवाल्याला जमत नाही ते अंगणात जमेल, असं कुठल्या तोंडानं सांगता?

आता "हायब्रीड" या शब्दाबद्दल. आपल्या वडिलांच्या पिढीनं हा शब्द ज्वारीसोबत ऐकला. १९६४ ला सीएसएच-१ आली, आणि खेड्यात हायब्रीड म्हटलं की ज्वारीच समजायची अशी वेळ आली. तेव्हापासून आपल्या डोक्यात पक्कं बसलंय की हायब्रीड म्हणजे जास्त उतारा. विकणारा याचाच फायदा घेतो. पण लिलीत संकर केला तो फुलाचा रंग, आकार, वास, काडीची ताकद यासाठी, पुणे-नगरचा उन्हाळा सोसावा म्हणून नव्हे. आणखी एक फरक आहे. संकरित ज्वारीचं बी घरी धरलं तर जात फुटते. लिलीचा संकर कंदातनं वाढतो, म्हणून जात तीच राहते, पण कंद मात्र खंगत जातो.

मी संकराच्या विरोधात नाही, हे नीट वाचा. नाहीतर कुणीतरी लिहील की "दादा देशीवाले झाले." जुन्या वाड्याच्या अंगणात उन्हाळ्यात फुलणारी मोठी लाल लिली, जिला आपण ॲमरिलिस म्हणतो, तिचं शास्त्रीय नाव हिप्पीस्ट्रम. मूळ दक्षिण अमेरिकेतली. तिच्यातला पहिला संकर १७९९ च्या सुमारास इंग्लंडात जॉन्सन नावाच्या घड्याळजीनं केला, लाल फूल आणि मधे पांढरी रेघ. आपल्या अंगणातली पांढऱ्या रेघेची लाल लिली बघितली की तोच तोंडवळा दिसतो. म्हणजे परदेशी, आणि संकरित सुद्धा. तरी पिढ्यान् पिढ्या टिकली, कारण तिला गारठा लागत नाही, कोरडी विश्रांती लागते, आणि ती आपल्याकडं फुकट मिळते. देशी-विदेशी हा वादच नाही. कंद कशानं झोपतो, थंडीनं का कोरडेपणानं, एवढं विचारा.

ज्यांना लिलियम हौसेनं लावायचंच आहे त्यांनी जरूर लावा, पण झेंडूसारखं एका हंगामाचं धरून लावा. त्यातही एलए निवडा. त्यात लाँगिफ्लोरम या लिलीचं रक्त आहे, ती तैवान आणि जपानच्या दक्षिण बेटांवरची, म्हणून ऊब जरा जास्त सोसते आणि दोन-अडीच महिन्यांत फुलते. वास मात्र फारसा नसतो. वासाची ओरिएंटल साडेतीन-चार महिने घेते आणि तिला आम्ल माती लागते, सामू साडेपाच ते साडेसहा. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात तिच्यावर उसासारखा केवडा पडतो, पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या. बोअरचं खारं पाणी असेल तर विषयच सोडा.

लावायचं ते ऑक्टोबर अखेर ते नोव्हेंबर. लिलियमच्या कंदाला कांद्यासारखं वरचं सालपट नसतं, नुसते खवले. हवेवर दोन दिवस ठेवला की सुकतो. म्हणून दुकानात फेब्रुवारीपर्यंत टांगलेलं, बोटभर कोंब आलेलं पाकीट स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. कंद हाताला टणक लागला पाहिजे, खालची मुळं जिवंत पाहिजेत. कुंडी खोल घ्या आणि कंदावर चार बोटांपेक्षा जास्त माती येऊ द्या, कारण दांड्याला कंदाच्या वर पण मुळ्या फुटतात आणि झाड त्यांच्यावरच जगतं. वर पाचट टाका. पाणी वाफशावर. आणि घरात मांजर असेल तर लिलियम आणूच नका. पान, पराग काहीही तिच्या पोटात गेलं की मूत्रपिंड निकामी होतं.

अंगणात कायमची हवी असेल तर रस्ता सोपा आहे. हिप्पीस्ट्रमचा कंद मान वर ठेवून लावायचा, नोव्हेंबरपासून पाणी तोडायचं, फेब्रुवारीत परत सुरू करायचं. पावसाळी लिली बांधाकडेला लावली की पहिल्या दमदार पावसानंतर आपोआप उठते. सांडपाण्याच्या कडेला नागदवणा. स्पायडर लिली तर मिळकतीची, कळी उमलायच्या आत तोडली की बंडल होतं. या सगळ्यांवर पावसाळ्यात एकच खरा शत्रू, काळ्या अंगावर पांढरे-तांबडे ठिपके असलेली अळी. ती रात्रीत पानाचा फडशा पाडते. हातानं वेचा, नाहीतर ५ टक्के निंबोळी अर्क मारा.

कृषी पदवीधर मंडळी हे पान वाचतात, त्यांना माझं थेट म्हणणं आहे. प्रशिक्षणाला उभं राहिल्यावर कंदाचं नाव पूर्ण सांगा. किती थंडी दिलेला कंद आहे, घेर किती सेंटिमीटर, आणि दुसऱ्या वर्षी फुलेल का नाही, या तीन गोष्टी पाकिटावर मराठीत लिहायला लावा. फुलणार नसेल तर "एका हंगामासाठी" हे शब्द ठळक पाहिजेत. बियाण्याच्या पिशवीवर उगवण टक्केवारी मागतोच ना आपण? आणि ज्यांनी त्या बायकांना निगेचं उत्तर दिलं, त्यांनी स्वतःच्या दारात तोच कंद दोन वर्षं फुलवून दाखवावा. मी बघायला येतो.

त्या गटातल्या सात जणींना मी पावसाळी लिलीचे आणि हिप्पीस्ट्रमचे कंद दिलेत. वाफे तयारच होते, पैसे घेतले नाहीत. अजून दोन पाट्या शिल्लक आहेत. ज्याला हवेत त्यानं पाऊस पडायच्या आत यावं, येताना गोणपाट आणावं, प्लॅस्टिकच्या पिशवीत कंद घामेजतात.