आधी पुरावा, मग खोकला

ॲस्बेस्टॉसच्या कारखान्यात नव्याने लागणाऱ्या पोराला माझा एक फुकटचा सल्ला आहे. पहिल्या पगारातून एक पत्र्याची ट्रंक घे. तीत नेमणुकीचं पत्र ठेव, दर महिन्याची पगाराची चिठ्ठी ठेव, गेटपास ठेव, ईएसआयचं कार्ड ठेव. कुठल्या खात्यात होतास, गोण्या फोडल्यास की ब्रेकची लायनिंग घासलीस, हे तारीखवार लिहून मुकादमाची सही घे. शेजारच्या मशीनवरच्या दोघांचे गावाकडचे पत्ते घे आणि ते दोघं तुझ्याआधी मरणार नाहीत एवढं बघ. ही ट्रंक चाळीस वर्षं सांभाळ. खोली बदलली, चाळ पुनर्विकासाला गेली, घरात पाणी शिरलं, तरी सांभाळ. मग म्हातारपणी अर्ध्या जिन्यात दम लागायला लागला की ती घेऊन माझ्याकडे ये. मी कामगारांचे दावे चालवतो. ट्रंक उघडून, सगळे कागद बघून मी तुला सांगेन की मुदत टळली.

हा विनोद माझा नाही, कायद्याचा आहे. आजवरचे हे दावे 1923 च्या नुकसानभरपाई कायद्यावर लढले गेले. त्यातलं दहावं कलम दावा करायला दोन वर्षं देतं. आता ॲस्बेस्टॉसच्या धुळीने हात तुटत नाही, बोट मशीनमध्ये जात नाही. मग अपघाताचा दिवस कोणता धरायचा? कायद्याने त्यावर तोड काढली आहे. नोकरी सुटल्यावर दोन वर्षांच्या आत रोगाची लक्षणं दिसली, तर ती पहिल्यांदा कळली तो दिवस अपघाताचा. दोन वर्षांच्या आत! ॲस्बेस्टॉसिस बहुधा पहिल्या संपर्कानंतर वीसेक वर्षांनी डोकं वर काढतो. मेसोथेलिओमा, म्हणजे फुप्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर, तीस-चाळीस वर्षंही दडी मारून बसतो. ज्या रोगाला यायलाच तीन दशकं लागतात, त्याला कायदा दोन वर्षांची वेळ देतो. उशीर माफ करायचा अधिकार आयुक्तांना आहे, हे मला माहीत आहे, मी तो अर्ज दर वेळी करतो. पण हक्काची गोष्ट मेहेरबानीने मागावी लागते, इथेच अर्धी लढाई हरलेली असते.

आता संपर्काचा पुरावा. समोरचा वकील विचारतो, तुम्ही ॲस्बेस्टॉस हाताळत होता, याला आधार काय? कामगार पगाराची चिठ्ठी पुढे करतो. तिच्यावर ‘हेल्पर’ लिहिलेलं असतं. हेल्पर चहाही आणतो, गोणीही फोडतो. ज्या खात्यात सर्वांत जास्त धूळ, तिथेच बदली आणि कंत्राटी माणसं लावली जात, आणि नेमकं त्यांचंच नाव मस्टरवर नसे. ठेकेदाराच्या वहीत असेल तर असेल. तो ठेकेदार आज कुठे आहे, हे त्याच्या मुलालाही ठाऊक नसतं.

गिरणगावातल्या बॉयलरची आणि वाफेच्या पाइपांची वेष्टणं ॲस्बेस्टॉसची असत. ती सोलणारे, पुन्हा थापणारे हात होते. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकेक करून मिटल्या, जमिनींवर टॉवर आणि मॉल आले. कुठल्या मॉलच्या तळघरात बॉयलर खात्याची हजेरीपुस्तकं जपून ठेवली आहेत, मला दाखवा. आणि रे रोडजवळच्या दारूखान्याचं काय बोलावं! तिथे जुनी जहाजं फोडतात. जुन्या जहाजांच्या इंजिनरूममध्ये, बॉयलरवर, नळ्यांवर ॲस्बेस्टॉसचे थर असतात. गॅसकटर धरणाऱ्या माणसाची कामाची जागा म्हणजे ते जहाज, आणि काही महिन्यांत ती जागाच कापून भंगारात विकली जाते. मग त्याला विचारायचं, जागेचा पुरावा आण.

या कागदांची काळजी सर्वोच्च न्यायालयाने फार आधी केली होती. 27 जानेवारी 1995 चा निकाल, अहमदाबादच्या ग्राहक शिक्षण व संशोधन केंद्राच्या याचिकेवरचा. न्यायमूर्ती के. रामस्वामींनी तो लिहिला. कामगाराचं आरोग्य हा जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग आहे, असं त्यात बजावलं. आदेशही स्वच्छ होते. प्रत्येक कामगाराची आरोग्य नोंद नोकरीच्या सुरुवातीपासून किमान 40 वर्षं किंवा नोकरी संपल्यावर 15 वर्षं, यातलं जे नंतर येईल तोवर ठेवायची. हवेतले तंतू मेम्ब्रेन फिल्टर पद्धतीने मोजायचे. ज्यांच्या तपासणीवर वाद होता त्यांना राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेने पुन्हा तपासायचं, आणि रोग ठरला तर एक लाख रुपये द्यायचे. निकाल सोनेरी चौकटीत लावावा असा आहे, आणि लावलाही गेला आहे. भाषणांत तो हमखास असतो. दाव्यात नोंदी मागितल्या की उत्तर येतं, ‘जुने रेकॉर्ड उपलब्ध नाही.’ हे एक वाक्य टाइप करायला कारखानदाराला काहीही पडत नाही. कामगाराला त्या वाक्यापायी अख्खा दावा गमवावा लागतो.

आता डॉक्टरांकडे वळतो. ते रागावणार, रागावोत.

आपल्याकडे छातीच्या एक्स-रेवर काहीही पांढुरकं दिसलं की डॉक्टरच्या तोंडी पहिला शब्द येतो ‘कॉक्स’. म्हणजे टीबी. थुंकीत जंतू सापडत नाहीत, तरी एकेटी चालू. सहा महिने गोळ्या, मग परत सहा महिने. टीबीला फुप्फुसाचा वरचा भाग आवडतो, ॲस्बेस्टॉसिस तळापासून सुरू होतो. पाठीवर खालच्या बाजूला स्टेथोस्कोप लावून श्वास घ्यायला सांगितलं की श्वासाच्या शेवटी वेल्क्रोची पट्टी उचकटल्यासारखी करकर ऐकू येते. हे वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शिकवतात. शिकवत नाहीत तो एक प्रश्न: ‘बाबा, तुम्ही आयुष्यभर काम काय केलंत?’ त्याचं उत्तर केसपेपरवर लिहायला अर्धी ओळ लागते. मी हाताळलेल्या केसपेपरांत ती अर्धी ओळ सापडली की मला लॉटरी लागल्यासारखं होतं. तिथे असतं फक्त वय, लिंग, धर्म आणि ‘बीडी स्मोकर’.

विडी! कंपनीच्या वकिलाची ही लाडकी वस्तू. उलटतपासणीत ती निघाली नाही असा दावा मी चालवलेला नाही. विडीने श्वासनळ्या अरुंद होतात, हवा बाहेर पडायला अडते. ॲस्बेस्टॉसिसमध्ये फुप्फुस ताठरतं, हवा मावतच नाही. स्पायरोमेट्रीच्या कागदावर हे दोन नमुने वेगळे दिसतात. फुप्फुसाच्या आवरणावरचे कॅल्शियम धरलेले चट्टे विडीने येत नाहीत. मेसोथेलिओमाचा विडीशी काडीचा संबंध नाही. फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये विडी आणि ॲस्बेस्टॉस एकत्र आले तर धोका नुसता वाढत नाही, गुणला जातो. म्हणजे विडी ओढणाऱ्याला धुळीत उभं करणं हा मालकाचा आणखी मोठा गुन्हा ठरायला हवा. प्रत्यक्षात ती मालकाची सुटका ठरते.

मग येते बायोप्सीची मागणी. मेसोथेलिओमाला ती लागते, ऊतक तपासल्याशिवाय निदान पक्कं होत नाही, मान्य. पण ॲस्बेस्टॉसिस झालेल्या म्हाताऱ्याची छाती उघडून तुकडा काढा, असं जगातल्या कुठल्याही शहाण्या मार्गदर्शक तत्त्वात सांगितलेलं नाही. कामाचा इतिहास, पहिला संपर्क आणि आजार यांच्यामधली वर्षं, आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या प्रमाण-फिल्मशी ताडून वाचलेला एक्स-रे किंवा एचआरसीटी, एवढं पुरतं. कॅन्सरसाठीही 1997 मध्ये हेलसिंकीत जमलेल्या तज्ज्ञांनी 25 तंतू-वर्षांचा (हवेतल्या तंतूंचं प्रमाण गुणिले कामाची वर्षं) निकष दिला, आणि शहाणपणाने हेही म्हटलं की मोजमापं नसतील तर कामाचा इतिहास धरा. जबर धुळीचं एक वर्ष किंवा मध्यम धुळीची पाच ते दहा वर्षं पुरेशी. आपल्याकडचे वकील त्यातला पहिला अर्धा भाग वाचून दाखवतात.

रोगाची खबर कारखाने निरीक्षकांना देणं हे डॉक्टरचं कायदेशीर कर्तव्य होतं, 1948 च्या कारखाने कायद्याच्या 89 व्या कलमाखाली. माजी कामगारासाठीसुद्धा. न दिली तर दंड, जास्तीत जास्त एक हजार रुपये. एका एचआरसीटीलाही याहून जास्त पडतात. खबर नाही म्हणून आकडा नाही, आकडा नाही म्हणून रोग नाही, आणि रोगच नाही तर लाखो टन क्रिसोटाइल ॲस्बेस्टॉस बाहेरून आणायला कुणाची हरकत? नव्या खाणपट्ट्यांवर आपण 1986 मध्ये बंदी घातली, आणि आयात केलेला तोच माल आजही छपरांच्या पत्र्यांत चालतो.

या खेळाला शंभर वर्षं झाली. इंग्लंडमधल्या रॉचडेलच्या टर्नर ब्रदर्सच्या कारखान्यात नेली कर्शॉ ॲस्बेस्टॉसचं सूत कातायची. आजारी पडली तेव्हा आजारविम्याची संस्था म्हणाली, हा तर कामातून झालेला रोग, मालकाकडे जा. मालक म्हणाला, ॲस्बेस्टॉस विषारी नाही आणि असा रोग यादीत नाही. 1924 मध्ये वयाच्या तेहतिसाव्या वर्षी ती गेली. डॉ. विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसात खनिजाचे कण दाखवले. कंपनीने अंत्यसंस्काराच्या खर्चालाही हात लावला नाही. पायंडा पडला असता ना. टर्नर अँड न्यूअल नावाने पसरलेल्या त्याच उद्योगाची पाळंमुळं पुढे घाटकोपर-मुलुंडपर्यंत आली. माल आला, यंत्रं आली, आणि दोन्ही दारं बंद करायची ती युक्तीही आली.

तिकडे निदान पुढे काही हललं. अनेक मालकांकडे धूळ खाल्लेल्या माणसाला नेमका कुणाचा तंतू भोवला हे सिद्ध करता येत नाही, म्हणून सगळेच सुटणार का, हा प्रश्न 2002 मध्ये फेअरचाइल्ड खटल्यात हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे आला. धोका वाढवला एवढं पुरे, असा निवाडा झाला. मालक आणि त्याचा विमा दोन्ही सापडत नसतील तर 2014 पासून विमा कंपन्यांकडून वसूल केलेल्या निधीतून मेसोथेलिओमाच्या रुग्णाला पैसे मिळतात. आपल्याकडे राजस्थानने 2019 मध्ये न्यूमोकोनिओसिसचं, म्हणजे धुळीने होणाऱ्या फुप्फुसरोगांचं, धोरण केलं. वैद्यकीय मंडळाने रोग प्रमाणित केला की सरकार मदत देतं. मालक त्यात फुकट सुटतो, हा माझा त्यावरचा राग आहे, पण आजारी माणसाला ट्रंक मागत नाहीत, हेही काही कमी नाही. महाराष्ट्राला एवढंही का सुचू नये?

आणि ज्या बायकांनी नवऱ्याचे धुळीने माखलेले कपडे वर्षानुवर्षं झटकून धुतले, त्यांना तर ट्रंक भरायचाही हक्क नाही. त्या कामगार नव्हत्याच. त्यांच्या छातीतल्या तंतूंना मालक नाही.

माझे कंपनीवाले वकीलमित्र विचारतात, मग काय, कुणीही उठून खोकावं आणि पैसे न्यावेत? नाही. रोग डॉक्टरने दाखवावा. तिथे काम केलं हे एखाद्या कागदाने किंवा दोन जोडीदारांच्या प्रतिज्ञापत्राने दाखवावं. त्यापुढचं ओझं मालकाचं. जी गोष्ट फक्त एकालाच ठाऊक आहे ती त्यानेच सिद्ध करावी, हे पुरावा कायद्याच्या 106 व्या कलमात होतं, नव्या अधिनियमात ते 109 वं आहे. हाती असलेला पुरावा जो पुढे आणत नाही, त्याच्या विरुद्ध तो गेला असता असं न्यायालयाला मानता येतं, हेही जुन्या 114 आणि नव्या 119 व्या कलमाखाली लिहिलेलं आहे. नवा कायदा नको, आहे तोच जरा वाकून वाचा.

पुढच्या तारखेला मी एवढाच अर्ज देणार आहे. 1995 पासून मेम्ब्रेन फिल्टरने मोजलेल्या धुळीचे सगळे आकडे आणि माझ्या अशिलाची आरोग्य नोंद कंपनीने हजर करावी. कधी मोजलंच नसेल तर तसं संचालकाच्या सहीने प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं. विडीबद्दल काय विचारायचं ते त्यानंतर विचारा.