भरल्या घरी अभद्र

दिवाळीच्या तोंडावर आगीचे नाव काढले की आमच्या आसेगावात वडीलधारी मंडळी डोळे वटारतात. ‘भरल्या घरी असे अभद्र बोलू नये!’ माझे भांडण नेमके या भरल्या घराशी आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकांनी हे घर जरा डोळ्यांपुढे आणावे. सोयाबीनची सोंगणी नुकती आटोपलेली. कुणाची सुडी अजून तशीच रचलेली, कुणाचे कुटार कोठ्यात कोंबलेले. सीतादही होऊन पहिल्या वेच्याचा कापूस माजघरात आलेला, आणि त्याच्याच कडेला लेकरांची अंथरुणे. बाहेर भिंतीला टेकून गेल्या सालच्या पऱ्हाट्या, तुराट्या. कारण घरोघर गॅस आला तरी पाणी तापवायची चूल काही गेलेली नाही. वर्षभरात घर इतके पेटाऊ दुसऱ्या कोणत्याही महिन्यात नसते. आणि नेमक्या याच अंगणात आम्ही बाटलीत बाण उभा करून वात पेटवतो! बाटली कलंडली की बाण कुणाच्या वर्षाच्या कमाईवर जाऊन पडेल, हे कोणी सांगावे?

पूर्वी घर जळाले की लोक ‘दैव’ म्हणत. आता ‘शॉर्ट सर्किट’ म्हणतात. शब्द बदलला, सोय तीच. दोष कुणाचाच नाही. मी स्वतः फ्यूज वरचेवर उडतो म्हणून त्यात तांब्याची जाड तार गुंडाळली होती, आणि शेजाऱ्यांची शाबासकीही मिळवली होती. फ्यूजची तार बारीक असते ती वितळण्यासाठीच. ती जाते म्हणून भिंतीतली तार तापून पेट घेत नाही. मी पहारेकऱ्यालाच अफू पाजली होती! अशा घरात एकाच बोर्डावर माळा, पंखा, टीव्ही असा सगळा संसार लटकतो.

स्वयंपाकघराचे तर बोलूच नये. चकल्यांची कढई पेटली की बाई घाबरून तांब्याभर पाणी ओतते. त्या पाण्याची क्षणात वाफ होते आणि पेटते तेल छताला भिडते. गॅस बंद करावा, वर सपाट झाकण ठेवावे आणि कढई निवेपर्यंत ते उचलू नये, एवढेच करायचे असते. पण तिला हे कुणी सांगितले? ठपका मात्र जन्मभर तिच्यावर.

आता म्हणाल, बंब आहे. १९९८ साली अकोल्यातून फुटून वाशीम जिल्हा झाला, कचेऱ्या जवळ आल्या. बंब मात्र नगरपरिषदांच्या गावी, मंगरूळपीरला नाहीतर वाशीमला. १०१ जरूर फिरवावा. पण तोवर कुटार वाट पाहत बसत नाही.

आणि घर जळाल्यावर आम्ही काय उदार होतो! धान्य, लुगडी, भांडी, वर्गणी. कुणी हात आखडत नाही. हीच माणसे आधी पाण्याचा एक ड्रम भरून ठेवा म्हटले तर ‘पोरांच्या आनंदावर विरजण’ म्हणतात.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिवाळीच्या फटाक्यांना रात्री आठ ते दहा ही वेळ आखून दिली, ती हवेपायी. जागा आखून द्यायला दिल्लीची काय गरज? ते ग्रामसभेचे काम. सुड्या, कोठे आणि वस्ती यांपासून दूर एक मोकळी जागा, चार ड्रम पाणी, वाळूचा ढीग आणि वसुबारसेच्या आधी एक दवंडी. पोरांना तिथे न्यायला मी तयार आहे. बाटलीत बाण लावणाऱ्या बाप्यांना कोण नेणार, ते सरपंचांनी ठरवावे.