कथेची उडी : थीम पार्क आणि औचित्यविचार

थीम पार्क हा साहित्याच्या अभ्यासकाने विचारात घ्यावा असा विषय आहे, असे विधान केल्यास पुष्कळांना ते थट्टेचे वाटण्याचा संभव आहे. तथापि लोकनाट्य, कीर्तन आणि चित्रपट यांनाही विद्यापीठाच्या दाराबाहेर बराच काळ तिष्ठावे लागले होते, याचे स्मरण येथे उपयुक्त ठरेल. एखाद्या कथेची पहिली ओळख पुस्तकातून न होता रुळांवरून धावणाऱ्या गाडीत किंवा पाण्यातून वाहणाऱ्या नावेत बसून होते, असा प्रेक्षकवर्ग आज फार मोठा आहे. कथेला हे जे नवे शरीर लाभले आहे, त्याचा विचार कथेच्या अभ्यासकाने केला नाही तर तो कोणी करावयाचा?

अर्थात या उद्यानांची समीक्षा होतच नाही असे नाही. देशोदेशींची उद्याने पालथी घालून तेथील प्रत्येक राइडचे वर्णन लिहिणारे रसिक पुष्कळ आहेत. त्यांची निष्ठा वाखाणण्याजोगी आहे. उंची किती, वेग किती, रांगेत किती मिनिटे गेली, कोणता पुतळा हलेनासा झाला आहे, कोणता दिवा विझला आहे, याची नोंद ते टीकाकाराच्या चिकाटीने ठेवतात. परंतु त्यांच्या समीक्षेत एक दोष वारंवार आढळतो. ते यंत्राला वेगळे गुण देतात आणि थीमिंगला, म्हणजे कथेच्या नेपथ्याला, वेगळे. कवितेच्या छंदाला दहापैकी आठ आणि अर्थाला दहापैकी सहा असे गुण देण्यासारखाच हा प्रकार आहे. या दोहोंचा परस्परसंबंध कोणता, हा खरा प्रश्न त्यात बाजूलाच राहतो.

त्या प्रश्नासाठी भारतीय साहित्यशास्त्राकडे एक तयार संज्ञा आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या क्षेमेंद्राने औचित्य हे काव्याचे जीवित मानले. अलंकार योग्य जागी असेल तरच तो अलंकार, एरवी ते केवळ ओझे, हे त्याच्या विवेचनाचे सार. थीम पार्कला हीच कसोटी लावता येते. नाव जेथे कोसळते, तेथेच ती का कोसळते? शरीराला बसणारा धक्का आणि कथेला मिळणारे वळण एकाच बिंदूवर येतात काय? येत असतील तर नेपथ्य सार्थ, नसतील तर तो रंगवलेला पुठ्ठा.

जत्रेतल्या आकाशपाळण्याला असे प्रश्न विचारण्याचे कारण नसते. त्याला कथा नाही. आहे ती लय. बा. सी. मर्ढेकरांनी लयीची संवाद, विरोध आणि समतोल ही जी तत्त्वे मांडली, त्यांच्या आधारे एखाद्या उत्तम रोलरकोस्टरचे चढउतार समजावून सांगता येतील. तेथे कथेची उणीव भासणार नाही. पण नेदरलंड्समध्ये १९५२ साली परीकथांच्या आधारे उभे राहिलेले एफ्टेलिंग आणि कॅलिफोर्नियातील अ‍ॅनाहाइम येथे १९५५ साली उघडलेले डिस्नेलँड यांच्यापासून पाळण्याने कथेशी संसार थाटला. तेव्हापासून निव्वळ लयीचा निकष अपुरा ठरला. पोटात येणारा गोळा हा लौकिक अनुभव आहे. त्याला भयानकाची किंवा अद्भुताची पदवी मिळवून देण्याचे काम आता कथेकडे आले.

हे काम किती नेटके होऊ शकते आणि तरीही किती अपुरे राहू शकते, याचे उद्बोधक उदाहरण म्हणजे डिस्नेलँडमधील स्प्लॅश माउंटन. १९८९ साली सुरू झालेल्या या राइडमध्ये ओंडक्याच्या आकाराची नाव पाण्याच्या पन्हळीतून हळूहळू पुढे जाई. पाण्याच्या पन्हळीतून ओंडके सोडण्याची युक्ती नवी नव्हती. टेक्सासमधील एका उद्यानात ती १९६३ सालीच राइड म्हणून आली होती. नवी होती ती कथेची जोड. ब्रेर रॅबिट नावाचा ससा घर सोडून निघतो. कोल्हा आणि अस्वल त्याच्या मागावर असतात. अखेर तो सापडतो. आता मरण अटळ, अशा क्षणी तो कोल्ह्याची विनवणी करतो की, काहीही कर, पण त्या काटेरी झुडपांत तेवढे फेकू नकोस. कोल्हा फसतो आणि नेमके तेच करतो. ससा मात्र त्या काट्यांतच लहानाचा मोठा झालेला. तो सुखरूप निसटतो.

नाव वर चढू लागे तेव्हा माथ्यावर बसलेली गिधाडे प्रवाशांना हिणवीत, आणि मग नाव सुमारे ५० फूट खाली झुडपांत कोसळे. ससा फेकला जातो त्याच क्षणी प्रवासीही फेकला जाई. जे टाळावे म्हणून ससा विनवीत होता तेच प्रवाशाच्या वाट्याला येई, आणि तीच त्याची सुटका ठरे. खाली अंग भिजलेल्या प्रवाशाला गाणी ऐकू येत आणि भयाचे हसू होई. येथे उडी ही कथेला चिकटवलेली नव्हती. उडी हीच कथा होती. क्षेमेंद्राची कसोटी इतक्या स्वच्छपणे उतरल्याची उदाहरणे या प्रकारात थोडीच सापडतील.

परंतु या कथेचा वंशवृक्ष पाहिला की प्रश्न गुंतागुंतीचा होतो. जोएल चँडलर हॅरिस या गोऱ्या पत्रकाराने जॉर्जियातील गुलाम कृष्णवर्णीयांकडून ऐकलेल्या कथा १८८० साली अंकल रीमस या कल्पित म्हाताऱ्याच्या तोंडी घालून प्रसिद्ध केल्या. त्यांतील ससा अडकतो तो डांबराच्या बाहुलीला. बाहुली बोलत नाही म्हणून तो तिला ठोसा मारतो. हात चिकटतो, दुसरा हात चिकटतो, पाय चिकटतात, शेवटी डोके चिकटते. भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकाला ही रचना ओळखीची वाटल्यावाचून राहत नाही. पाली जातकसंग्रहातील पंचावुध जातकात तक्षशिलेहून शिकून परतणारा राजपुत्र चिकट केसांच्या यक्षावर बाण सोडतो, तलवार उगारतो. शस्त्रे चिकटतात, मग हात, पाय आणि डोकेही. जोसेफ जेकब्स याने १८९२ सालीच या साम्याकडे लक्ष वेधले होते, आणि १९३० साली ऑरेलिओ एस्पिनोसा याने कथेच्या भारतीय उगमाचा पक्ष विस्ताराने मांडला. आफ्रिकेतील कथापरंपरेचा दावाही तितकाच बलवान आहे. उगम कोठलाही असो, एक गोष्ट निश्चित आहे : जातकातला राजपुत्र धैर्याने सुटतो, गुलामांच्या कथेतला ससा युक्तीने. ज्यांच्या हाती शस्त्रही नव्हते आणि राज्यही नव्हते, त्यांनी त्या कथेत आपले शहाणपण साठवले.

डिस्नेने १९४६ साली या कथांवर ‘साँग ऑफ द साउथ’ हा चित्रपट काढला. त्यात यादवी युद्धानंतरच्या काळातला मळा इतका सुखसमाधानाचा दाखवला होता की, कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या संघटनेने त्याच वर्षी आक्षेप नोंदवला. पुढे हा चित्रपट अमेरिकेत घरी पाहण्यासाठी कधी उपलब्धच करण्यात आला नाही. तरीही राइडचा आधार तोच होता. वादाचा भाग वगळण्यासाठी रचनाकारांनी दोन बदल केले. अंकल रीमसला काढून टाकले आणि डांबराच्या बाहुलीच्या जागी मधाचे पोळे आणले. चिकटपणा राहिला, डांबर गेले. कथा राहिली, सांगणारा गेला.

हा बदल सदभिरुचीचा म्हणून सहज खपून गेला, पण खरा दोष येथेच आहे. अंकल रीमस हे हॅरिसने घडवलेले आणि चित्रपटाने गुळगुळीत केलेले पात्र होते. ते वगळण्याबद्दल कोणी हळहळण्याचे कारण नाही. पण त्याच्या जागी खऱ्या कथनकर्त्यांची, म्हणजे रात्री झोपडीबाहेर बसून मुलांना ही कथा सांगणाऱ्या गुलाम स्त्रीपुरुषांची, कोणतीच खूण ठेवली गेली नाही. लक्षावधी प्रवाशांनी सशाची सुटका अंगावर अनुभवली. ती सुटका मुळात कोणाची होती, हे मात्र त्यांना कळले नाही. म्हणजे राइडवर आलेले संकट भूतकाळाच्या आठवणीमुळे आले असे म्हणण्यापेक्षा आठवणीच्या अभावामुळे आले असे म्हणणे अधिक न्याय्य ठरेल.

२०२० च्या जूनमध्ये, वर्णभेदविरोधी आंदोलने पेटली असताना, राइडचे रूप पालटण्याची घोषणा झाली. २०२३ साली फ्लोरिडा आणि कॅलिफोर्निया येथील स्प्लॅश माउंटन बंद झाले आणि २०२४ साली दोन्ही ठिकाणी ‘टियानाज बायू अ‍ॅडव्हेंचर’ सुरू झाले. पन्हळ तीच, उडीही तीच, कथा नवी. २००९ सालच्या ‘द प्रिन्सेस अँड द फ्रॉग’ या चित्रपटाची नायिका टियाना ही न्यू ऑर्लिन्समधील कृष्णवर्णीय तरुणी आहे आणि तिच्यामागे त्याच शहरातील लिआ चेस या नामवंत पाककुशल स्त्रीची प्रेरणा आहे. नव्या राइडमध्ये टियाना मार्डी ग्राच्या उत्सवासाठी वादक शोधत निघते. मामा ओडी ही जादूगारीण प्रवाशांना बेडकाएवढे लहान करते, पुन्हा मूळ आकार देते आणि नाव खाली कोसळते.

नव्या राइडचे पुतळे अधिक सजीव आहेत, संगीत अस्सल वातावरणाचे आहे, आणि ज्या समाजाला आधीच्या राइडने अदृश्य केले होते त्या समाजाची स्त्री येथे यजमानीण म्हणून उभी आहे. हे श्रेय लहान नाही. पण औचित्याच्या कसोटीवर ती उणी ठरते. उत्सवाला वादक मिळवण्यासाठी ५० फूट कोसळण्याची गरज काय? कोणी पाठलाग करीत नाही, कोणी फसत नाही, कोणी सुटत नाही. उडी येते, कारण पन्हळ तेथे उतरते. आधीच्या राइडमध्ये कथा होती, पण तिची माणसे नव्हती. नव्या राइडमध्ये माणसे आहेत, पण त्यांना कथा दिलेली नाही. ज्या समाजाने दुर्बळाच्या चातुर्याची एवढी समर्थ कथा जगाला दिली, त्याच्या नायिकेच्या वाट्याला केवळ मेजवानीची तयारी यावी, ही खेदाची गोष्ट आहे. चौकट टाकून कथा राखावयाची आणि ती तिच्या खऱ्या धन्यांच्या नावाने सांगावयाची, हा तिसरा मार्ग उपलब्ध होता. तो अवघड होता, पण अशक्य नव्हता.

यावर असा आक्षेप येईल की, तिकीट काढून दोन घटका मौज करण्यास आलेल्या कुटुंबावर इतिहासाचे ओझे कशाला लादावे? आक्षेप सरळ आहे. पण तो करमणुकीला क्षुद्र लेखणारा आहे. कीर्तनकार हसवता हसवता पूर्वरंगातला विचार श्रोत्यांच्या गळी उतरवतो आणि त्यामुळे कोणाची मौज उणावत नाही. शिवाय कथा निवडण्याचा निर्णय उद्यानानेच घेतलेला असतो. कथेचे वजन वापरून उडीला अर्थ द्यावयाचा आणि त्या वजनाचा हिशेब मागितला की ही निव्वळ गंमत आहे असे म्हणावयाचे, ही सवलत कोणत्याही कलाप्रकाराला देता येणार नाही.

हा प्रश्न आता दूरदेशीचा राहिलेला नाही. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या इमॅजिकामध्ये नर्मदेच्या खोऱ्यात अवशेष सापडलेल्या राजासॉरसच्या नावाची जलराइड आहे, तसेच अलीबाबा आणि चाळीस चोरांच्या कथेवरची राइडही आहे. मूळ कथेत चोरांचा नाश होतो तो मरजीना या दासीच्या प्रसंगावधानामुळे. राइडमध्ये बंदूक प्रवाशाच्या हाती दिली जाते. दुर्बळाच्या बुद्धीची जागा प्रवाशाच्या नेमबाजीने घ्यावी, हा बदल क्षुल्लक मानता येत नाही. उद्या पंचतंत्र, जातके, रामकथा आणि संतचरित्रे यांच्यावर राइड उभ्या राहतील. रामकथेची शेकडो रूपे ज्या देशात नांदतात तेथे कोणते रूप पन्हळीत वाहणार, कोणते वगळले जाणार आणि सांगणाऱ्यांची नावे कोठे राहणार, हे प्रश्न रुळ टाकण्यापूर्वी विचारले गेले पाहिजेत.

आणखी एक कर्तव्य अभ्यासकांकडे येते. ग्रंथाची जुनी आवृत्ती ग्रंथालयात सापडते. राइड मोडली की तिची संहिता नष्ट होते. भांडारकर संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, ती पाठभेद शिल्लक होते म्हणून. अमेरिकेतील स्प्लॅश माउंटनचे पाठभेद आता हौशी रसिकांच्या टिपणांतून आणि चित्रफितींतूनच गोळा करावे लागतील. त्या रसिकांचे ऋण मान्य करून तुलनात्मक साहित्याच्या विभागांनी त्यांच्या नोंदींना कथाविचाराची जोड द्यावी. भारतातील उद्यानांच्या बाबतीत तर हे काम आजच हाती घेता येईल : कोणती कथा, कोणत्या परंपरेतून, कोणत्या बदलांसह आणि उडी नेमकी कोठे. एवढी चार कलमे प्रत्येक राइडपुरती नोंदवली गेली, तरी कथा आणि यंत्र यांच्या या नव्या संसाराची चिकित्सा योग्य जागेपासून सुरू होईल.