चंदनाचा धूर आणि एरंडाचा धूर

गेल्या काही वर्षांत बंगळुरू, पुणे, हैदराबाद, गुरुग्राम अशा शहरांत नव्या फ्लॅटच्या पार्टीला एक वस्तू भेट म्हणून येऊ लागली आहे. सुती दोऱ्याने करकचून बांधलेली, करड्या-पांढऱ्या वाळक्या पानांची वीतभर जुडी. तिला स्मज स्टिक म्हणतात. टोक पेटवायचं, ज्योत फुंकून विझवायची आणि धुमसणारी जुडी घराच्या कोपऱ्याकोपऱ्यातून फिरवायची. त्यानं घरातली ‘निगेटिव्ह एनर्जी’ निघून जाते, असं पाकिटावर छापलेलं असतं.

ही जुडी आता आपल्याही घरात येते. आपल्या म्हणजे, ज्यांच्या घराण्यात पदवी पहिल्यांदा आली आणि पगाराची स्लिपही पहिल्यांदाच आली, त्यांच्या. तुमच्यापैकी अनेकांना हे भाड्याचं घर सहज मिळालेलं नाही. कुणी आधी आडनाव विचारलं असेल, कुणी ‘नॉनव्हेज चालत नाही’ म्हणून फोन ठेवला असेल, कुणी टोकन घेतल्यावर ‘घरच्यांनी दुसऱ्याला शब्द दिलाय’ असं सांगितलं असेल. एवढं करून मिळालेल्या घरात पाऊल टाकल्यावर पहिलं काम कोणतं, तर म्हणे ते ‘शुद्ध’ करायचं. मला या शब्दाचाच वास येतो.

निगेटिव्ह एनर्जीचं वर्णन जरा नीट ऐका. ती दिसत नाही, मोजता येत नाही, माणसाबरोबर येते, माणूस गेल्यावरही भिंतीत मुरून राहते आणि विशिष्ट विधीनंच जाते. आता विटाळाचं वर्णन करा. एक शब्द तरी बदलावा लागतो का? मागच्या भाडेकरूची एनर्जी काढायची म्हणून इंग्रजीत बोलणारा तरुण आणि आपण खोली सोडल्यावर गोमूत्र शिंपडून घेणारा घरमालक, दोघांच्या डोक्यातली यंत्रणा एकच आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांबरोबर आपली माणसं महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायली, त्यानंतर सवर्णांनी तळ्यातून १०८ घागरी पाणी उपसलं आणि शेण, गोमूत्र, दूध, दही सोडून मंत्रोच्चारात तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. १९७८ मध्ये देशाचे संरक्षणमंत्री असलेल्या बाबू जगजीवनराम यांनी वाराणसीत संपूर्णानंदांच्या पुतळ्याचं अनावरण केलं, तर तो पुतळा मागाहून गंगाजलानं धुतला गेला. पदवी, पद, पगार यांनी विटाळाची कल्पना आपोआप मरत नाही. म्हणून ती नव्या वेष्टनात आपल्याच हातात आली तर ओळखता यायला हवी.

पण इथे एक घोळ होऊ द्यायचा नाही. ही जुडी ज्यांची आहे, त्यांची चेष्टा मी करत नाहीये. पांढऱ्या सेजचं झुडूप मूळचं दक्षिण कॅलिफोर्नियाचं आणि त्याला लागून असलेल्या मेक्सिकोच्या पट्ट्याचं. चुमाश, कुमेयाय, कावीया अशा तिथल्या मूळनिवासी समाजांसाठी ते औषध आहे, त्याचं बी अन्न आहे आणि त्याचा धूर प्रार्थनेचा भाग आहे. उत्तर अमेरिकेतल्या इतर मूळनिवासींमध्ये देवदारासारखी झाडं, गोड वासाचं स्वीटग्रास नावाचं गवत, तंबाखू यांचा धूर वापरतात, आणि प्रत्येकाची रीत वेगळी. दुकानात मिळते तशी सगळ्यांची मिळून एकच ‘प्राचीन परंपरा’ कधी नव्हती.

याच लोकांवर १८८३ मध्ये अमेरिकन सरकारनं एक संहिता लादली. तिच्याखाली त्यांचे पवित्र नाच आणि त्यांच्या वैदूंचे विधी हे गुन्हे ठरले. शिक्षा काय, तर शिधा बंद किंवा कैद. आपले विधी पाळायचं त्यांचं स्वातंत्र्य कायद्यानं मान्य व्हायला ऑगस्ट १९७८ उजाडावं लागलं. म्हणजे ज्या धुरासाठी त्यांच्या आजोबांना उपाशी ठेवलं, तोच धूर आज नातवांना न विचारता पाकिटात भरून जगभर विकला जातो. मागणी इतकी वाढली की रानातून या झुडपाची चोरी होते. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका राखीव क्षेत्रात चार जणांना सुमारे ४०० पौंड चोरलेल्या सेजसह पकडलं होतं. मुळासकट उपटलेलं झुडूप परत येत नाही. आपल्या लोकांची गाणी, वाद्यं, खाणं आधी ‘हलकं’ ठरवून मग महागड्या हॉटेलात ‘एथनिक’ म्हणून विकलं जातं, हे आपण पाहतो. तेव्हा या व्यवहारात आपण गिऱ्हाईक म्हणून कुठं उभे राहतो, हा प्रश्न आपल्याला इतरांपेक्षा लवकर पडायला हवा.

आता आपल्याकडचा धूर. इथे धुराला वास असतो त्याआधी जात असते.

बाळंतिणीच्या खोलीतली धुरी आठवा. शेगडीत निखारे, त्यावर ओवा, वावडिंग, बाळंतशोपा, वेखंड, लसणाच्या साली. न्हाऊ घातलेलं बाळ त्या उबेवर अलगद धरायचं. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत हे काम करणारी सुईण मांग किंवा महार समाजातली असे. उत्तरेत दाईचं काम चर्मकार बायकांकडे असे, कारण नाळ कापणं हे ‘घाण’ काम. माझी आजी हे काम करायची. वाड्यातल्या आतल्या खोलीत तिला प्रवेश होता, बाळाला पहिला स्पर्श तिचा होता, धुरी किती आणि कशाची द्यायची हे ती ठरवायची. बाळंतीण सोयरात असेपर्यंत हे चाले. बाराव्या दिवशी घर सारवलं की आजी पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिला मिळणारी जुनी साडी आणि शेर-दोन शेर धान्यसुद्धा वरून टाकलं जाई. तिच्या त्या ज्ञानाला कुणी आरोमाथेरपी म्हटलं नाही. शाळेत गेल्यावर आम्हीही त्याला अडाणीपणा म्हणायला शिकलो, आणि आज त्याच वेखंडाच्या वड्या सुंदर डबीत भरून नव्या आयांना विकल्या जातात.

दुसऱ्या टोकाला वाराणसीचा मणिकर्णिका घाट. तिथे चितेला लागणारा अग्नी डोम समाजाकडून घ्यावा लागतो, त्याशिवाय मुक्ती नाही असं मानलं जातं. पिढ्यान्‌पिढ्या चितेचा धूर छातीत घेणारा हा समाज मुक्ती वाटतो आणि स्वतः अस्पृश्य राहतो. जन्माचा धूर आपला, मरणाचा धूर आपला. मधल्या होमाचा, यज्ञाचा, वास्तुशांतीचा धूर मात्र ज्याच्या हातून यावा लागतो त्याला दक्षिणा मिळते.

आणि ज्या मालाचा हा सुगंध, तो गोळा कोण करतं? मध्य प्रदेशातल्या श्योपूरच्या जंगलात सहारिया आदिवासी सालईच्या खोडाला खाचा पाडून डिंक जमवतात. राजस्थान आणि कच्छच्या कोरड्या भागातलं गुग्गुळाचं झाड तर जास्तीचा डिंक मिळवण्यासाठी घाव घालघालून इतकं संपवलं गेलं की आज ते अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. आपण जिला उदबत्ती म्हणतो, तिच्यात आता ऊद क्वचितच असतो. बांबूची काडी, कोळशाची पूड, लाकडाचा भुसा आणि चिकटपणासाठी झाडाच्या सालीची पूड एवढ्यावर कच्ची बत्ती तयार होते, आणि मग ती कारखान्यात सुगंधी रसायनात बुडवतात. कच्ची बत्ती वर्षानुवर्षं गरीब बायकांनी घरी पाटावर बसून, हजारी किंवा किलोच्या दरानं वळली. काळे झालेले तळवे, मोडलेली कंबर आणि कामगार म्हणून कुठेच नोंद नाही. सरकारनं २०१९ मध्ये उदबत्तीच्या आयातीवर निर्बंध घातले, २०२० मध्ये बांबूच्या काड्यांवरचं आयातशुल्क १० टक्क्यांवरून २५ टक्के केलं, आणि आत्मनिर्भरतेची भाषा झाली. हजार काड्यांना त्या बाईला किती मिळतात, हे मात्र त्या भाषेत फारसं ऐकू आलं नाही. बाबासाहेबांनी जातीला श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी म्हटलं होतं. देवघरातली एक उदबत्ती सोलून पाहिली तरी ती विभागणी दिसते.

या सगळ्यावरचा सगळ्यात नेमका युक्तिवाद मला मज्झिम निकायातल्या अस्सलायन सुत्तात सापडतो. श्रावस्तीत अस्सलायन नावाचा सोळा वर्षांचा हुशार ब्राह्मण तरुण तथागतांशी वाद घालायला येतो. ब्राह्मणच श्रेष्ठ, तेच शुद्ध, हा त्याचा पक्ष. तथागत त्याला विचारतात : एका राजानं वेगवेगळ्या जातींची शंभर माणसं जमवली. उच्च कुळातल्यांनी साल, चंदन अशा लाकडांनी अग्नी पेटवला. चांडाल, निषाद कुळातल्यांनी कुत्र्याच्या, डुकराच्या द्रोणीचं किंवा एरंडाचं लाकूड घेऊन पेटवला. मग पहिल्याच अग्नीला ज्वाला, रंग आणि प्रकाश असेल आणि दुसऱ्याला नसेल का? पहिल्यावरच काम भागेल आणि दुसऱ्यावर भागणार नाही का? अस्सलायनाला कबूल करावं लागतं की दोन्ही अग्नी सारखेच.

या युक्तिवादात श्रद्धेला हात घातलेला नाही, फक्त पेटवून बघायला सांगितलं आहे. पदवीच्या पहिल्या वर्षाला प्रयोगशाळेत आपल्याला जे शिकवतात, ते हेच.

हल्ली होमाच्या बाजूनंही प्रयोगशाळा पुढे केली जाते, म्हणून त्याबद्दल दोन शब्द. २००७ मध्ये लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी बंद खोलीत वनौषधींची हवनसामग्री जाळून हवेतल्या जिवाणूंची संख्या तासाभरात सुमारे ९४ टक्क्यांनी घटल्याचं नोंदवलं. हा आकडा मोबाइलवर फिरत असतो आणि स्मज स्टिक विकणारेही तो वापरतात. पण जिवाणू कमी झाले म्हणजे श्वास घेणाऱ्या माणसाचं भलं झालं, असं त्यातून निघत नाही. वनस्पती कोणतीही असो, ती धुमसते तेव्हा सूक्ष्म कण, कार्बन मोनॉक्साइड, फॉर्मल्डिहाइड हवेत येतात. चुलीच्या धुरानं आपल्या आयांची फुप्फुसं काय झाली हे आपण जवळून पाहिलंय. त्या धुराला कुणी पवित्र म्हटलं नाही, एवढाच फरक.

मग विहारात आपण उदबत्ती का लावतो? हा प्रश्न आपल्यातलेच काही चिकित्सक मित्र विचारतात, आणि तो रास्त आहे. माझं उत्तर असं : वंदनेतली फुलं कोमेजतात, मेणबत्ती वितळते, उदबत्ती राख होते, आणि ते बघत बसणं हाच तिथला अभ्यास आहे. तिथे काही हाकलायचं नसतं. सुगंध शीलाची आठवण म्हणून असतो, तो नसला तरी वंदना अपुरी राहत नाही. दर्ग्यासमोर लोबान फिरवणारा फकीर किंवा सेजच्या धुरात हात ओले करावेत तसे फिरवणारी कुमेयाय आजी, यांच्याशी माझं भांडण नाही ते यामुळेच. धुरासमोर शांत बसणारा माणूस आणि धुरानं दुसऱ्या माणसाचा अंश पुसू पाहणारा माणूस, या दोघांत मी फरक करतो. बाबासाहेबांच्या २२ प्रतिज्ञांत ब्राह्मणांकरवी विधी न करण्याची प्रतिज्ञा आहे. तोच विधी ब्राह्मणाशिवाय, इंग्रजीतून, स्वतःच्या हातानं उरकणं ही तिच्यातून काढलेली पळवाट ठरेल.

कुणाला घरात पानांचा वास आवडत असेल तर सातासमुद्रापलीकडची चोरीची जुडी कशाला हवी? निर्गुडी, कडुलिंब, रानतुळस, गवती चहा आपल्या आसपास आहेत. वीतभर फांद्या कापून एक दिवस सावलीत मलूल होऊ द्या, मग बुडाशी घट्ट गाठ मारून सुती दोरा खालून वर आणि वरून खाली तिरका गुंडाळा. नायलॉनचा दोरा नको, तो जळताना विषारी धूर देतो. जुडी उलटी टांगून दोन-तीन आठवडे वाळवा, ओलसर राहिली तर आत बुरशी धरते. ओळख पटत नसलेलं झाड जाळू नका, आणि कण्हेर तर मुळीच नाही, तिचा धूरही विषारी आहे. पेटवताना खाली वाळू घातलेलं मातीचं धुपाटणं ठेवा आणि विझवताना जुडी त्याच वाळूत दाबा. संध्याकाळी एवढ्यानं डासही थोडे दूर राहतात. खिडक्या मात्र उघड्या हव्यात, आणि घरात दम्याचा माणूस किंवा तान्हं बाळ असेल तर नुसती ताजी पानं पाण्यात ठेवा, पेटवू नका.