नातीचा इतिहास, आजीची पंधरा मिनिटे



मागील वर्षी डिसेंबरात मी मुलीकडे न्यू जर्सीला गेले आणि मेअखेरीस परतले. त्या मुक्कामातील एका रात्रीविषयी आज लिहावयाचे आहे. पाणी पिण्यासाठी उठले तेव्हा दीड वाजला होता. स्वयंपाकघरातील टेबलाशी अकरावीत शिकणारी माझी नात बसली होती. समोर जाडजूड पाठ्यपुस्तक होते आणि त्यातील जवळजवळ प्रत्येक ओळ पिवळ्या शाईने रंगविलेली होती. शेजारी एनर्जी ड्रिंकचा रिकामा डबा पडला होता. ती हुंदका आवरीत होती.

मी म्हणाले, ‘‘अगं, सनावळ्या आम्हीही पाठ केल्याच की! आमच्या वेळी तर कंदिलाच्या उजेडात...’’

तिने पुस्तक मिटले आणि एक शब्दही न बोलता ती खोलीत निघून गेली. चाळीस वर्षे दवाखान्यात बसून ‘आधी रुग्णाचे ऐका’ असे नवशिक्या डॉक्टरांना सांगणाऱ्या मला घरच्या मुलीचे ऐकणे जमले नव्हते. दुसऱ्या दिवशी मी तिची क्षमा मागितली आणि विचारले, ‘‘या विषयात एवढे कठीण काय आहे, मला समजावून सांगशील?’’ तिने सांगितले, आणि माझी चूक मला कळली.

परीक्षा कशाची असते?

अमेरिकेत शालेय वयातच महाविद्यालयीन पातळीचे काही विषय घेता येतात. त्यांना ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’, म्हणजेच ‘एपी’ म्हणतात. ‘कॉलेज बोर्ड’ ही संस्था दरवर्षी मे महिन्यात त्यांची परीक्षा घेते व १ ते ५ असे गुणांकन करते. अमेरिकेचा इतिहास हा त्यांतील अवघड समजला जाणारा विषय. १४९१ पासून आजपर्यंतचा काळ नऊ कालखंडांत विभागलेला आहे. परीक्षा सव्वातीन तासांची. ५५ मिनिटांत ५५ बहुपर्यायी प्रश्न, ४० मिनिटांत तीन लघुत्तरी प्रश्न, सात कागदपत्रांच्या आधारे लिहावयाचा निबंध एका तासाचा आणि दुसरा दीर्घ निबंध ४० मिनिटांचा.

बहुपर्यायी प्रश्नसुद्धा एखादा उतारा, चित्र वा नकाशा समोर ठेवून विचारलेले असतात. ‘अमुक लढाई केव्हा झाली’ एवढ्यावर भागत नाही. ती का झाली, तिच्यामुळे काय बदलले आणि काय तसेच राहिले, हे सांगावे लागते. माझ्या नातीने पाचशे पाने रंगविली होती, पण न पाहता एक परिच्छेदही लिहून पाहिला नव्हता. कष्ट अफाट होते, दिशा चुकली होती. आणि मी तिला आणखी पाठांतर कर, असे सुचवीत होते.

आठवणे हाच अभ्यास

पुन्हा पुन्हा वाचले की मजकूर ओळखीचा वाटू लागतो आणि ‘आपल्याला येते’ असा भ्रम होतो. हेन्री रोडिगर व जेफ्री कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग येथे बोधप्रद आहे. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी तो न पाहता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र आठवून लिहिणारे पुढे गेले. स्मरणाला ताण द्यावा लागतो, तेव्हाच ते पक्के होते.

म्हणून आम्ही एक नेम ठरविला. संध्याकाळी सात वाजता पंधरा मिनिटे तिने पुस्तक मिटून त्या दिवसाचा भाग मला मराठीत सांगावयाचा. मला या विषयातले काही कळत नव्हते, हेच सोयीचे ठरले. मी विचारी, ‘‘मग ते लोक गप्प का बसले?’’, ‘‘यात फायदा कोणाचा झाला?’’ जिथे ती अडखळे तेवढेच ती पुन्हा वाची. तीन दिवसांनी आणि मग आठवड्याने तोच भाग मी पुन्हा विचारी.

एके संध्याकाळी ती यादवी युद्धानंतरच्या घटनादुरुस्त्या सांगत होती. तेराव्या दुरुस्तीने १८६५ मध्ये गुलामगिरी नष्ट झाली, चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये नागरिकत्व मिळाले, पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वंशावरून मताधिकार नाकारण्यास बंदी आली. मी म्हणाले, ‘‘त्यानंतर तीनच वर्षांनी पुण्याच्या जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक लिहिले आणि ते अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्यांना अर्पण केले.’’ ती माझ्याकडे पाहतच राहिली. ती तीन साले ती पुढे कधी विसरली नाही.

कागदाला प्रश्न विचारावेत

सात कागदपत्रांच्या निबंधाची तिला सर्वाधिक भीती होती. प्रत्येक कागदाचा सारांश लिहिला म्हणजे झाले, असा बहुतेक मुलांचा समज असतो. वास्तविक रुग्णाची हकीकत ऐकताना आम्ही डॉक्टर जे करतो तेच येथे करावयाचे असते. कोण बोलतो आहे? कोणाला उद्देशून? केव्हा? कशासाठी? पळून गेलेल्या गुलामाला पकडून देण्यासाठी मालकाने वर्तमानपत्रात दिलेली जाहिरात घ्या. मालकाचा हेतू आपली ‘मालमत्ता’ परत मिळविण्याचा. पण ओळख पटावी म्हणून तो त्या माणसाच्या पाठीवरील वळ सांगतो, त्याला कोणते कसब येते तेही सांगतो. आपल्या क्रौर्याची साक्ष तो आपल्याच हाताने देऊन जातो. हे ज्याच्या ध्यानात आले त्याला कागद वाचता आला.

त्यानंतर उत्तराचा गाभा एकदोन वाक्यांत मांडावा. उदाहरणार्थ: ‘कायद्याने कृष्णवर्णीयांना पुष्कळ दिले, परंतु १८७७ मध्ये दक्षिणेतून केंद्राचे सैन्य मागे घेतल्यावर त्या हक्कांचे रक्षण करणारे कोणी उरले नाही.’ असा ठाम पक्ष आधी घेतला की कोणता कागद कोठे वापरावा ते आपोआप सुचू लागते. दर शनिवारी घड्याळ लावून एक निबंध, हा तिचा क्रम मेपर्यंत चालला. बहुपर्यायी प्रश्नांत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये, हेही तिने लक्षात ठेवले.

झोप ही चैन नव्हे

तेरा ते अठरा वर्षे वयाच्या मुलांना रोज आठ ते दहा तास झोप हवी, अशी तज्ज्ञ संस्थांची शिफारस आहे. दिवसा शिकलेले झोपेतच मेंदूत स्थिरावते. जागरण करून केलेला अभ्यास म्हणजे गळक्या घागरीत ओतलेले पाणी. या वयात शरीराचे घड्याळच थोडे मागे सरकलेले असते, मुलांना झोप उशिरा येते. त्याला आळस म्हणू नये. कॅफीनचा निम्मा अंश शरीराबाहेर पडावयास साधारण पाच तास लागतात, म्हणून दुपारनंतर कॉफी नको, आणि एनर्जी ड्रिंक तर मुलांनी मुळीच घेऊ नये. आमच्या घरी साडेदहाला दिवा मालविण्याचे ठरले. अट अशी की तो नियम मलाही लागू. मालिका पाहत बसण्याची माझी सवय त्यामुळे सुटली.

मात्र दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप उडाली, भूक मेली, मैत्रिणी नकोशा झाल्या, तर तो केवळ परीक्षेचा ताण समजू नये. डॉक्टरांना वा शाळेतील समुपदेशकांना दाखवावे. ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा कानी पडली तर एक दिवसही थांबू नये. अमेरिकेत ९८८ आणि भारतात टेलिमानसचा १४४१६ या क्रमांकांवर कोणत्याही वेळी मदत मिळते. आणि विषय खरोखरच झेपत नसेल तर शिक्षकांशी बोलून तो सोडण्यात कमीपणा नाही.

वडीलधाऱ्यांचा वाटा

एप्रिलमध्ये नात १९६५ च्या स्थलांतरविषयक कायद्यापाशी आली. राष्ट्रनिहाय कोटे रद्द करणाऱ्या त्या कायद्यामुळे आशियातील लोकांना अमेरिकेची दारे उघडली. मी म्हणाले, ‘‘पुस्तकात कशाला शोधतेस? ह्यूस्टनच्या आजोबांना विचार.’’ माझे दीर १९७१ मध्ये अभियंता म्हणून तिकडे गेले. आता ऐंशी उलटले आहेत. जाऊबाई गेल्यापासून ते फोनवर दोन वाक्यांपलीकडे बोलत नसत. त्या दिवशी नातीशी ते तासभर बोलले. विमानतळावर उतरताना खिशात किती डॉलर होते, पहिल्या थंडीत कोट कोणी दिला, सारे सांगितले. पुढच्या रविवारी त्यांनी आपणहून फोन केला. ‘‘परवा एक सांगायचे राहिले,’’ म्हणाले.

वाचकहो, अशा गप्पांनी वृद्धांची स्मरणशक्ती टिकते असा दावा मी करणार नाही. पण सात वाजता कोणीतरी आपली वाट पाहते आहे, हे जाणवले की दिवसाला आकार येतो, एवढे स्वानुभवाने सांगते.

आपल्या घरी असे मूल असेल तर ‘आमच्या वेळी’ने वाक्य सुरू करू नका. ‘किती गुण मिळाले?’ याऐवजी ‘आज काय नवे कळले?’ असे विचारा. अभ्यासाच्या वेळी दूरचित्रवाणीचा आवाज कमी करा. रात्री जागरण दिसले तर प्रवचन न देता कोमट दुधाचा पेला टेबलावर ठेवा आणि क्षणभर शेजारी बसा.

मी भारतात परतल्यालाही आता काही महिने झाले. परीक्षा संपली, निकालही लागला. तरी रविवारी नातीचा फोन येतो आणि ती विचारते, ‘‘आजी, आज काय सांगू?’’