टीव्हीची लायसन्स फी परत आणायची का? ‘फुकट’ छत्रीचं बिल कोण भरतं ते समजून घेऊया

डहाणू-तलासरीच्या पाड्यांवर टीव्ही बघायचा स्वस्त पर्याय म्हणजे डीडी फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदा घेतला की दर महिन्याचा रिचार्ज नाही. पण सॅटेलाइट, स्टुडिओ, कॅमेरामन यांचा खर्च कुणीतरी करतंच ना? ब्रिटनमध्ये तो घरटी लायसन्स फी घेऊन भागवतात. आपल्याकडेही तसं करावं का?

आधी आपणही फी भरायचो

घरातल्या आजी-आजोबांना विचारून बघा. रेडिओ किंवा टीव्ही घ्यायचा तर पोस्टातून लायसन्स काढावं लागायचं आणि ते दरवर्षी रिन्यू करायचं. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं तेव्हाही हीच पद्धत होती. ऐंशीच्या दशकात ती बंद झाली. गंमत म्हणजे कायद्यात तिची जागा अजून शिल्लक आहे. प्रसार भारती कायदा, १९९० च्या कलम १७ मध्ये सरकार प्रसार भारतीला काय देऊ शकतं ते लिहिलंय, आणि त्यात लायसन्स फीचं उत्पन्न, ‘असल्यास’, असा उल्लेख आहे. म्हणजे दार बंद आहे, पण कुलूप नाही.

आत्ता पैसे कुठून येतात?

मुख्यतः तीन ठिकाणांहून.

१. सरकारी अनुदान. जानेवारी २०२३ मध्ये केंद्राने प्रसारणाच्या यंत्रणेसाठी २,५३९.६१ कोटींची ‘बाइंड’ योजना मंजूर केली. दुर्गम, आदिवासी आणि सीमाभागात ८ लाख बॉक्स मोफत द्यायचं त्यातच ठरलं.
२. जाहिराती.
३. फ्री डिशवरच्या जागेचा लिलाव. खाजगी चॅनल बोली लावतात आणि स्लॉट विकत घेतात. तुम्ही फ्री डिशवर जो सिनेमा फुकट बघता, त्यासाठी चॅनलने आधीच पैसे मोजलेले असतात.

यात अडचण काय? जो पैसे देतो, त्याचं ऐकावं लागतं. जाहिरातदाराला खर्च करू शकणारं गिऱ्हाईक हवं असतं. लिलावात जास्त बोली लावणारा जिंकतो. आणि अनुदान दरवर्षी सरकारकडे मागायचं, तर त्याच सरकारला अवघड प्रश्न कसे विचारायचे?

रानशेतला याचं काय?

नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात, धुंदलवाडीच्या आसपास, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. अशा वेळी लोकांना काय हवं असतं? रात्री घरात झोपायचं की बाहेर, कच्च्या भिंतीचं काय करायचं, फॉरवर्ड आलेला मेसेज खरा की अफवा, हे कुणीतरी सोप्या मराठीत आणि वारलीत सांगायला हवं. रानशेतच्या पाड्यासाठी वारलीत कार्यक्रम केला तर त्याला जाहिरात कुठली मिळणार? बाजाराच्या हिशोबात हा कार्यक्रम बसतच नाही. म्हणून तर सार्वजनिक टीव्ही लागतो.

टेक्निकल बाजूही बघा. मोबाइल टॉवरवर सगळ्यांनी एकदम फोन लावले की नेटवर्क तुंबतं. ब्रॉडकास्टचं तसं नसतं. सिग्नल एकच, मग तो दहा घरांनी पकडू दे नाहीतर दहा लाख.

मग लायसन्स फी आणायची?

माझं उत्तर: नाही. कारणं दोन.

पहिलं कारण म्हणजे ती सगळ्यांना सारखीच असते. ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ पासून ती वर्षाला १७४.५० पौंड होती. काही सवलती सोडल्या तर श्रीमंत-गरीब सगळ्यांना एकच आकडा, आणि न भरणं हा गुन्हा. आपल्याकडे मलबार हिल आणि रानशेत यांना एकच बिल पाठवणं न्यायाचं होणार नाही.

दुसरं कारण तुमच्या हातात आहे. टीव्ही म्हणजे नेमका कुठला डबा? दूरदर्शनचं ‘वेव्हज’ अ‍ॅप नोव्हेंबर २०२४ मध्ये आलं. इंटरनेटशिवाय थेट फोनवर टीव्ही सिग्नल पकडण्याच्या डायरेक्ट-टू-मोबाइल तंत्राच्याही आपल्याकडे चाचण्या झाल्या आहेत. मग काय प्रत्येक फोनचं लायसन्स काढायचं? याच अडचणीमुळे जर्मनीने २०१३ पासून टीव्ही असो-नसो, घरटी शुल्क लावलं. फ्रान्सने तर २०२२ मध्ये फीच रद्द केली.

मला फिनलंडची वाट जास्त पटते. तिथे २०१३ पासून उत्पन्नावर छोटा कर आहे. कमी कमाई असेल तर शून्य, आणि वरच्यांनाही कमाल मर्यादा. आपल्याकडे इन्कम टॅक्सबरोबर तसा छोटा भाग घेता येईल. रानशेतचा शेतमजूर एक पैसा भरणार नाही, आणि माझ्यासारखा आयटीवाला भरेल.

पण नुसता कर लावून भागणार नाही. रक्कम पाच वर्षांसाठी संसदेने कायद्याने बांधून द्यावी, म्हणजे बातमी आवडली नाही म्हणून कुणी नळ बंद करू शकणार नाही. आणि त्यातला ठरावीक हिस्सा सह्याद्रीसारख्या प्रादेशिक वाहिन्यांना आणि वारलीसारख्या बोलींना मिळावा.

छत्रीचं बिल आजही आपण भरतोच, कधी करातून, कधी जाहिरात केलेल्या साबणाच्या किमतीतून. फक्त ते आपल्याला दिसत नाही. ते दिसायला लागलं, तर ‘या पैशात आमच्यासाठी काय दाखवता?’ हे आपल्याला हक्काने विचारता येईल.